नंबर दोनशे तेरा

इंजिनिअर ग्रोझाव यांनी गिअर भिंगाखाली धरला, बोटांत दोनदा फिरवला आणि विचारले, "हा कुठल्या कारखान्यातला?"

प्रश्न 'कुणी केला' असा नव्हता. स्मरांडाने हा फरक टिपला. फरक टिपणे ही तिची जुनी खोड होती.

"कारखान्यातला नाही, साहेब. मी कापला."

"तू."

"हो. असे पाच आहेत. चार आत बसवलेत, हा जादाचा."

त्या शनिवारी तिमिश्वारा शहरातल्या क्रीडागृहात छत्तीस शाळांचे छत्तीस रोबो स्पर्धेआधीच्या तपासणीसाठी रांगेत होते. रेशित्साच्या तांत्रिक विद्यालयाचा रोबो टेबलावर पालथा पडला होता, चारही चाके वर. पहिल्याच चाचणीत त्याने दोन उड्या मारून भिंतीला धडक दिली होती, तेव्हापासून संघातले सगळे त्याला 'बकरी' म्हणत. कागदोपत्री नाव वेगळे होते, ते कुणाला आठवत नसे. बकरीच्या पोटावरचे झाकण काढलेले होते आणि मोटरची ताकद चाकापर्यंत नेणारी सगळी रचना उघडी दिसत होती. मोटरी, त्यांच्यावरचे छोटे गिअर आणि बेअरिंग विकतचे होते. मोठे गिअर, शाफ्ट आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या पट्ट्या स्मरांडाने चार महिन्यांत स्वतः बनवल्या होत्या, आणि समितीला दिलेल्या भागांच्या यादीत तसे घोषित केले होते.

ग्रोझाव यांनी पेन्सिलीचे टोक गिअरच्या मधल्या भोकाशेजारी टेकवले. तिथे तीन आकडे ठोकलेले होते, सारख्या खोलीचे, सारख्या अंतराचे: २१३.

"मग हे काय?"

"माझा नंबर."

ग्रोझाव हसले नाहीत. त्यांनी शेजारी बसलेल्या सहायिकेकडे पाहिले, आणि ती हसली.

"हे बघ बाळ, मी वीस वर्षं यंत्रं बघतोय. असे नंबर कारखान्यात मारतात."

"हो, कारखान्यातच मारतात. म्हणून तर मी मारला."

हे वाक्य तिच्या डोक्यात जितके स्वच्छ होते तितके ते बाहेर पडले नाही, हे तिला सहायिकेच्या लिहू लागलेल्या हाताकडे पाहून कळले.

ग्रोझाव तिच्या शेजारी उभ्या असलेल्या दारिउसकडे वळले. संघात रोबो चालवण्याचे काम दारिउसचे होते. उंच, खांदे पाडून उभा राहणारा मुलगा. "तू सांग. खरं काय ते. कुणी केलं हे?"

"हिनं," दारिउस म्हणाला. "मी फक्त चालवतो. आणि तेही बरं नाही चालवत, हिलाच विचारा."

शेजारच्या टेबलावर दुसऱ्या एका शाळेचा रोबो तपासला जात होता. त्यांचा गिअरबॉक्स आयता आला होता, खोक्यासकट. मुलांनी बिल दाखवले, तपासनिसाने खूण केली. त्याला चार मिनिटे लागली. स्मरांडाने घड्याळ मुद्दाम पाहिले नव्हते, ते समोरच्या भिंतीवर होते.

*

आदल्या वर्षी बकरीच्या पोटातही आयताच गिअरबॉक्स होता. त्याचे दाते एकमेकांत सैल बसत, डावी बाजू उजवीपेक्षा जास्त सैल, आणि दोन मीटर सरळ जायला सांगितले की बकरी अकरा सेंटीमीटर डावीकडे सरके. संघाने यावर उपाय शोधला तो असा की दारिउसने चालवण्याची कांडी कायम थोडी उजवीकडे धरावी. वर्षभर तो तशी धरत होता. स्मरांडाला हा उपाय अपमानास्पद वाटे. चूक लोखंडात होती आणि ती दारिउसच्या मनगटात दुरुस्त केली जात होती. तिने बकरी दहा वेळा चालवून दहा वेळा मोजले आणि वही घेऊन भौतिकशास्त्राच्या लेलिया मुर्गूबाईंकडे गेली. बाईंनी आकडे वाचले, सरासरी पुन्हा एकदा स्वतः काढून पाहिली आणि तिला नेआ पॅत्रुकडे नेले.

नेआ पॅत्रुने चौतीस वर्षे रेशित्साच्या कारखान्याच्या गिअरखात्यात दाते कापले होते. आता शाळेच्या वर्कशॉपच्या किल्ल्या त्याच्याकडे असत. त्याने स्मरांडाचे ऐकून घेतले आणि एकच अट घातली.

"मी हात खिशात ठेवणार. बाहेर काढला तर तो गिअर माझा, तुझा नाही. कळलं?"

चार महिने तो खरोखरच हात खिशात घालून तिच्या मागे उभा राहिला. दुपारी पावाच्या जाड कापावर चरबी आणि कांदा घालून खाण्यापुरते हात बाहेर येत, पण तेव्हा तो मशीनकडे पाठ करून बसे.

पंचेचाळीस दात्यांचा गिअर कापायला सोपा होता. नेआ पॅत्रुने शेहेचाळीस सांगितले, कारण मोटरवरच्या छोट्या गिअरला पंधरा दाते होते, आणि पंचेचाळीस घेतले असते तर तेच ते दाते जन्मभर एकमेकांना घासत बसले असते. शेहेचाळीस घेतले की प्रत्येक दात्याची प्रत्येकाशी गाठ पडते आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. स्मरांडाने हे कागदावर तपासले. बरोबर होते.

मिलिंग मशीनवर गोल तुकडा समान भागांत फिरवायला एक हँडल असते, आणि हँडलमागे भोकांची चकती. शेहेचाळीस दात्यांसाठी तेवीस भोकांच्या वर्तुळावर दर वेळी वीस भोके पुढे जायचे, खुंटी सोडायची, एक खाच कापायची. स्मरांडाने वीस मोजून पंचेचाळीस वेळा हँडल फिरवले, आणि पहिला गिअर पूर्ण झाला तेव्हा त्याच्या एका अंगाला एकच दाता तीन दात्यांची जागा अडवून बसला होता.

नेआ पॅत्रु खिशातल्या हातांसकट पुढे वाकला. "पोपा बसला."

"कोण?"

"धर्मगुरू. पंगतीत पोपा आला की तिघांची जागा घेतो. आमच्या खात्यात या दात्याला पोपाच म्हणत. काय मोजलंस?"

"वीस."

"कुठून?"

तिने खुंटीच्या भोकावर बोट ठेवले.

"उभं राहण्याला पाऊल म्हणत नाहीत. ज्या भोकात खुंटी आहे ते मोजायचं नाही. तू एकोणीसच चाललीस."

दुसऱ्या गिअरवरही पोपा बसला, कारण चूक समजणे आणि बोटांना ती समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्याला चकती सरकली. पाचव्याचे दाते एका बाजूला कलले, वाऱ्यात उभे असल्यासारखे. चौदावा जवळजवळ निर्दोष होता, फक्त मधले भोक केसभर बाजूला. प्रत्येक बिघडलेल्या गिअरवर तिने सुईने तारीख आणि चुकीचे नाव कोरून ठेवले. पंधरावा पूर्ण झाल्यावर नेआ पॅत्रुने खिशातून हात काढून तो मापला, पुन्हा मापला आणि कपाटातून ठोकायच्या आकड्यांचा लाकडी डबा काढला.

कारखान्यात गिअर कापणाऱ्या प्रत्येकाला एक नंबर असे. स्वतःचा. नंबर नसलेला गिअर तपासणीवाला हातात घेत नसे, आणि दाता तुटला तर वीस वर्षांनीही त्या माणसाला नावानिशी बोलावून विचारत. नेआ पॅत्रुचा नंबर एकेचाळीस होता. माणूस निवृत्त झाला किंवा वारला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देत नसत. खाते बंद झाले तेव्हा शेवटचा दिलेला नंबर दोनशे बारा होता.

"दोन, एक, तीन," तो डबा तिच्यापुढे ठेवत म्हणाला. "सरळ धर. एकदाच मार. आणि नीट विचार करून मार, कारण आता हा नंबर उद्या कुणी विचारला तर तू उत्तर देणार, मी नाही."

नवे गिअर बसल्यावर बकरी दोन मीटरांत आठ मिलिमीटर सरकली. उरलेल्या आठ मिलिमीटरला लाकडी जमीन जबाबदार असावी असे स्मरांडाचे मत होते, पण ते तिने तपासले नसल्यामुळे वहीत लिहिले नाही.

*

साडेबारा वाजता प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर कागद लागला. 'रेशित्सा. कलम नऊ. कारखान्यात बनवलेले भाग, बिलाविना, खोट्या घोषणेसह. रोबो अपात्र.' खाली समितीचा गोल शिक्का. सही नव्हती.

फलकापुढे पालकांची गर्दी होती, कारण तिथेच मुरंब्याच्या क्रोफ्ने विकणारी बाई बसली होती. लोक तळलेले गोळे खात कागद वाचत होते. एका बाईने बोटावरची साखर चाटून नवऱ्याला म्हटले, "रेशित्सावाले. त्यांच्याकडे कारखाना आहेच की दारात." त्यात दुष्टपणा नव्हता, ती फक्त निष्कर्ष काढत होती.

स्मरांडाने कागद दोनदा वाचला. 'खोट्या' या शब्दावर तिची नजर अडकली. चुकीच्या, अपुऱ्या, संशयास्पद, असे अनेक शब्द उपलब्ध होते.

मुर्गूबाई तपासणीच्या टेबलापाशी आधीच पोहोचल्या होत्या. "इंजिनिअरसाहेब, 'खोटी घोषणा' एवढं मागे घ्या, मग पुढचं बोलू."

"बाई, गेल्या वर्षी एका मुलाच्या वडिलांनी अख्खा रोबो स्वतःच्या गॅरेजमध्ये बनवून दिला होता. मुलाला स्क्रू कुठल्या बाजूनं फिरतो ते माहीत नव्हतं. आम्ही तेव्हा भोळे होतो. आता नाही."

"मग हिला विचारा की, स्क्रू कुठल्या बाजूनं फिरतो."

"पाठ करून येतात. हा पृष्ठभाग बघा, हे माप बघा. सतरा वर्षांच्या पोरीच्या हातचं नाही हे. कुणी मोठ्यानं केलं नाही, हे तुम्ही दाखवा."

"जे घडलंच नाही ते कसं दाखवायचं?" बाईंचा आवाज चढला नाही. वर्गात त्या अशाच आवाजात शून्य गुण देत. "हिची वही आहे. चार महिन्यांची. प्रत्येक माप आहे."

"वही काय, कोणीही लिहितं."

स्मरांडा बाजूला उभी राहून ऐकत होती, आणि तिला राग नेमका कशाचा येत आहे हे ती तपासत होती. संशयाचा नव्हता. त्यांच्या जागी ती असती तर तिनेही संशय घेतला असता, गेल्या वर्षीचा तो मुलगा खरा होता. पण संशय घेतल्यावर माणसाने पुढे काहीतरी करायचे असते. प्रश्न विचारायचा, माप घ्यायचे, झाकण उघडायचे. यांनी संशय घेतला आणि तोच निकाल म्हणून फलकावर लावला. ज्यांनी काहीच बनवले नाही त्यांना बिल पुरले, आणि ज्याला बिल असूच शकत नाही त्याच्यापुढे दार बंद. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो नंबर. 'याला मी जबाबदार' असे सांगणारी जगातली एकमेव खूण तिने लोखंडात ठोकली होती, आणि त्यांनी ती वाचली 'ही जबाबदार नाही' अशी.

"चल, स्मरा," दारिउस मागून म्हणाला. त्याने बकरीला सरळ करायला घेतले होते. "गाडीत ठेवू हिला. तू मागनं धर, मागेच जड आहे."

स्मरांडा जागची हलली नाही.

"काय झालं?"

"मागे का जड आहे?"

"तुला माहितीये की. वळताना पुढं तोंडघशी पडायची, म्हणून तूच तर मागे..." आणि तो थांबला.

मागचे वजन. भागांच्या यादीतली एकतिसावी ओळ: 'वजन, चौदा नग, स्वनिर्मित.' बिघडलेले चौदाही गिअर एका सळीत ओवून तिने बकरीच्या मागच्या कप्प्यात कोंबले होते, एक किलो चारशे ग्रॅम. वजन हवेच होते, आणि तिथे ते कुणाला दिसणार नव्हते. तिला त्यांची लाज वाटत होती.

चार स्क्रू. तिने ते डावीकडे फिरवून काढले.

ग्रोझाव यांच्यापुढे सँडविच होते. तिने ते कागदासकट दोन वीत सरकवले आणि चौदा गिअर तारखांच्या क्रमाने टेबलावर एका ओळीत मांडले.

"हा नऊ ऑक्टोबर. वीसऐवजी एकोणीस भोकं चालले. हा सोळा ऑक्टोबर, तीच चूक. हा चकती सरकलेला. हा खाच उथळ पडलेली. हा कटर मध्यावर नव्हता, बघा, दाते कललेत. हा एकवीस जानेवारी, यात फक्त भोक बाजूला आहे." तिने जादाचा, नंबर ठोकलेला गिअर ओळीच्या शेवटी ठेवला. "हा पंधरावा. यांच्यावर नंबर नाही, कारण बिघडलेल्यावर मारत नाहीत."

ग्रोझाव यांनी पहिला गिअर उचलला. जाड दात्यावरून अंगठा फिरवला. त्यांचे ओठ हलले. ते मोजत होते, आणि ते खरोखरच इंजिनिअर होते हे त्या क्षणी स्मरांडाला पहिल्यांदा पटले. "तेवीसचं वर्तुळ," ते पुटपुटले. "वीस भोकं. खुंटीचं धरून... एकोणीस." त्यांनी दुसरा उचलला, मग पाचवा. भिंग त्यांनी या वेळी मागितले नाही.

"चांगला बनवायला लावता येतो दुसऱ्याला," मुर्गूबाई म्हणाल्या. "चौदा वेळा बिघडवायला कुणाला लावणार?"

ग्रोझाव यांनी घड्याळाकडे पाहिले. दोनला वीस मिनिटे कमी होती. "ठीक आहे. हे परत आत भरा आणि जा. दोनला तुमची फेरी आहे ना? खेळा."

"आणि तो कागद?"

"काढून टाकतो."

"काढू नका," स्मरांडा म्हणाली. "त्याच्याखाली लिहा. तपासणी चुकली, गिअर संघानंच बनवलेत. आणि कुणी लिहिलं ते."

"समितीनं लिहिलंय."

"समितीला नंबर नसतो."

सहायिकेने मान वर केली. या वेळी ती हसली नाही.

"पोरी, तू इथे बोलत बसलीस तर फेरी जाईल तुमची."

"छत्तीस शाळांनी वाचलंय ते, साहेब. आमच्याकडे जो बनवतो तो नंबर मारतो, आणि जो तपासतो तोही मारतो. चुकला तर त्यालाही बोलावतात."

दारिउसने तिची बाही ओढली. "स्मरा, नंतर भांडू ना. मी पण भांडतो तुझ्याबरोबर, हवं तर मोठ्यानं भांडतो. पण नंतर."

"नंतर तो कागद तिथे नसेल."

"तर बरंच आहे की."

"नाही. वाचणारे असतील ना. त्यांनी वाचलेलं कोण काढणार?"

दारिउसने बाईंकडे पाहिले. बाईंनी खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसल्या. त्यांचे मत त्यांनी एवढ्यावरच मांडले.

"हे उचल इथून," ग्रोझाव म्हणाले. "मागे आठ शाळा थांबल्यात."

"पुरावा आहे. नोंद झाल्याशिवाय हलवत नाही."

दोन वाजता निवेदकाने रेशित्साचे नाव पुकारले. दोन मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्या पुकाऱ्याला मैदानाभोवतीच्या लोकांनी वळून तपासणीच्या टेबलाकडे पाहिले, जिथे पंधरा गिअरांची ओळ होती, बकरी मागचा कप्पा उघडा टाकून उभी होती आणि एक मुलगी हात खिशात घालून उभी होती. फेरी प्रतिस्पर्ध्यांना दिली गेली. दारिउस जमिनीवर बसला आणि त्याने डोके गुडघ्यांत घातले. स्मरांडाला ते दिसले. पण ती हलली नाही.

दोन वाजून बारा मिनिटांनी ग्रोझाव उठले. फलकापर्यंत गेले, क्रोफ्नेवाल्या बाईच्या गर्दीतून वाट काढत, आणि भिंतीला कागद टेकवून दोन ओळी लिहिल्या. खाली सही केली. परत येताना ते स्मरांडापाशी थांबले.

"हे आधीच दाखवलं असतंस तर एवढं झालं नसतं."

"तुम्ही आधी विचारलं नाहीत," स्मरांडा म्हणाली.

उरलेल्या चार फेऱ्यांपैकी तीन त्यांनी जिंकल्या. पहिली फेरी खेळून जिंकली असती तर उपांत्य फेरी गाठली असती, हे दारिउसने परतीच्या गाडीत गणित करून सांगितले. ते बरोबर होते. पुढे कारानसेबेश गाव येईपर्यंत तो तिच्याकडे पाठ करून बसला. तिथे त्याने भोपळ्याच्या बियांची पुडी उघडली आणि न बघता तिच्यापुढे धरली.

"कांडी सरळच धरली आज," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "सगळ्या फेऱ्यांत. हात कुठे ठेवायचा तेच कळेना."

*

सोमवारी स्मरांडाने फलकावरचा कागद वर्कशॉपमध्ये नेला. स्पर्धा संपल्यावर तिने तो मागून घेतला होता, कोणी हरकत घेतली नव्हती.

नेआ पॅत्रु पाव खात होता. त्याने हात पुसले, चष्मा लावला आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. वरचा छापील भाग त्याने सावकाश वाचला. 'खोट्या' या शब्दापाशी त्याचा जबडा थांबला. मग खालच्या दोन ओळी. मग सही. सही त्याने बराच वेळ पाहिली, कागद थोडा तिरपा करून, नंतर दुसऱ्या बाजूला तिरपा करून.

"काय नाव आहे?"

"ग्रोझाव."

"यात 'ग' पण नाही."

"नाही."

"मुद्दाम केलीये अशी. उद्या कुणी विचारलं तर कोणाचीही असू शकते."

"हो," स्मरांडा म्हणाली. "मलाही तेच वाटलं."

नेआ पॅत्रुने कागदाची घडी घातली आणि कपाट उघडले. आत, आकड्यांच्या लाकडी डब्याशेजारी त्याने ती ठेवली. डबा मात्र बाहेर काढून तिच्या हातात दिला.

"पुढच्या वेळी हा घेऊन जा," तो म्हणाला. "त्यालाही एक नंबर दे."